यादी न लागणारे अनुदान

पीएम किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की गावातल्या लाभार्थ्यांची नावे पडद्यावर येतात. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. ही यादी गावात कशी वाचली जाते हे पारावर बसणाऱ्याला सांगायला नको. अमक्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअर, तरी बापाच्या खात्यावर हप्ता येतो. तमका मास्तर म्हणून निवृत्त झाला, पेन्शन घेतो आणि वर हेही घेतो. (सज्ञान मुलाचे कुटुंब वेगळे धरतात, त्यामुळे पहिल्या प्रकरणातल्या बापाचा हप्ता नियमात बसतो; पण पारावर नियम कोण वाचतो?) दुसऱ्या प्रकरणात मात्र पार बरोबर असतो. चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर, १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, प्राप्तिकर भरणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील हे सारे या योजनेतून वगळलेले आहेत. तरी ते आत शिरले. केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते, आणि अपात्रांच्या संख्येत पंजाब, आसाम यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राचा नंबर होता. मग तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, कुणी भरले, कुणी हात वर केले.

वसुली व्हायलाच हवी. पण ज्या अनुदानाची यादी लागते त्याच्यावरच सारी नजर लावून बसण्यात एक मोठी सोय आहे, आणि ती सोय ज्या अनुदानाची यादी लागत नाही ते घेणाऱ्यांची आहे.

विजेचे घ्या. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल नाही. शासनाच्याच हिशेबाने असे पंपधारक ४४ लाखांवर आणि वर्षाचा भार १४,७६० कोटी रुपयांचा. भागाकार करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. एका पंपामागे वर्षाला सरासरी ३३,००० रुपयांहून अधिक. पीएम किसानचे ६,००० आणि २०२३ पासून राज्याने ‘नमो शेतकरी’ म्हणून त्यावर घातलेले ६,००० एकत्र केले तरी १२,००० होतात. अपात्र मास्तरांपासून डॉक्टरांपर्यंत साऱ्या देशाने मिळून जुलै २०२० पर्यंत पीएम किसानमध्ये जे लाटले, ते महाराष्ट्राच्या एका वर्षाच्या पंपबिलाच्या दहाव्या हिश्श्यातही मावते. त्या बिलाची गावनिहाय, नावनिहाय यादी कुठल्याही पारावर कुणी वाचलेली नाही.

हे पैसे कुणाला जातात याला उत्तर आहे, आणि ते अगदी साधे आहे: ज्याच्या विहिरीला, बोअरला किंवा नदीकाठच्या मोटरीला पाणी आहे त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५३ लाख वहितीदार होते. एका घरात दोन-तीन खाती असतात, एक विहीर चार भावांत सामाईक असते, हे सगळे धरूनही पंप नसलेल्यांची संख्या पंपवाल्यांहून बरीच मोठी उरते. जत, माण, आष्टी, पाटोदा इथल्या पावसाच्या भरवशावर बाजरी-तूर घेणाऱ्याला या १४,७६० कोटींतला एक रुपयाही मिळत नाही. कारण त्याने काही चूक केली असे नाही. त्याच्याकडे पाणीच नाही. पाच अश्वशक्तीच्या दोन मोटरी चालवणाऱ्याला तीन अश्वशक्तीची एक चालवणाऱ्यापेक्षा तिपटीहून अधिक मिळते. आणि ही वीज जे पाणी उपसते ते कुठे जाते? केंद्रीय कृषिमूल्य आयोगानेच नोंदवून ठेवले आहे की राज्यात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. पाण्यापाठोपाठ पंप, पंपापाठोपाठ अनुदान, अनुदानापाठोपाठ कारखाना, आणि कारखान्यापाठोपाठ आमदारकी. हा क्रम आपल्याकडे पन्नास-साठ वर्षे बिनचूक चालला आहे.

पंपवाला शेतकरी यावर चिडेल, आणि त्याचे चिडणे खोटे नाही. रात्री दोनला वीज येते, बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, डीपी जळली की वर्गणी काढून तेल घालावे लागते. असली वीज फुकट दिली म्हणून उपकार कसले, असे तो विचारतो. शिवाय अनेक पंपांना मीटरच नाही, आकारणी अश्वशक्तीवर होते. महावितरण स्वतःची गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर दाखवते, हा वीजतज्ज्ञ प्रताप होगाडे यांचा कित्येक वर्षांचा आक्षेप आहे. तो खरा मानला तर या अनुदानाचा काही भाग शेतकऱ्याच्या नावाने निघतो आणि वीज कंपनीच्या ताळेबंदात जिरतो. यादी लावण्याची निकड त्याने वाढतेच.

खताचीही गत तीच. २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेले, म्हणजे पीएम किसानच्या वर्षाच्या सुमारे ६०,००० कोटींच्या चौपट. हा पैसा कंपनीला जातो आणि स्वस्त गोणीच्या रूपाने शेतकऱ्यापर्यंत येतो. ज्याची जमीन जास्त आणि ज्याला पाणी, त्याच्या गोण्या जास्त. दुकानात गोणी घेताना अंगठा लावावा लागतो, म्हणजे कुणी किती नेले याची नोंद सरकारकडे आहे. ती कुणी मागत नाही इतकेच.

लहान शेतकरी कोण, हे हेक्टरात मोजण्याची आपली जुनी खोड आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्याला पूर्ण माफी आणि त्यावरच्याला चौथा हिस्सा सूट (दुष्काळी जिल्ह्यांत किमान वीस हजार), तीही उरलेले भरल्यावर, असा नियम होता. कृष्णाकाठी चार एकर बागायत असलेला त्यात लहान ठरला आणि यवतमाळात सात एकर कोरडवाहू कापूस लावणारा मोठा ठरला. ज्या विदर्भातल्या आत्महत्यांनी ती माफी राजकारणाच्या ऐरणीवर आणली, तिथलेच कितीतरी जण पाच एकरांच्या रेषेच्या पलीकडे उभे राहिले. पीएम किसानने आधी हीच दोन हेक्टरांची अट घातली होती, २०१९ च्या निवडणुकीनंतर ती काढली. आता दहा गुंठेवाल्याला आणि वीस एकरवाल्याला सारखेच ६,००० मिळतात. खरे सांगायचे तर साऱ्या अनुदानांत हेच त्यातल्या त्यात समतेचे आहे, आणि पारावर शिव्या खाणारेही हेच.

यंत्रे, ठिबक, शेततळे, कांदाचाळ ही मधली पायरी. इथे अर्ज महाडीबीटीवर करायचा. ठिबकला राज्याची भर धरून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, ट्रॅक्टरला एक ते सव्वा लाख. कागदावर हे उदार दिसते. पण पूर्वसंमती आल्यावर ठरावीक मुदतीत वस्तू आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, जीएसटीचे बिल चढवायचे, मोका तपासणीला साहेब येईपर्यंत थांबायचे, आणि मग अनुदान खात्यावर येते. कधी महिन्यात, कधी वर्ष उलटून. ज्याच्याकडे आधी घालायला लाख-दीड लाख आहेत त्यालाच ८० टक्के परत मिळतात. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या घरी डीलर येतो, कागद तुमचे, पैसे माझे, असा व्यवहार ठरतो, आणि बिलाच्या किमतीत डीलरचा वाटा आधीच मिसळलेला असतो. पूर्वी निदान सोडत तरी होती. नशीब आंधळे असते, पण ओळखीचे नसते. २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आले. आता पोर्टल सुरू झाल्याची खबर ज्याला पहिली मिळते आणि ज्याच्या गावात नेट चालते तो पहिला. मेळघाटात किंवा धडगावच्या डोंगरात बसलेल्याला हे प्राधान्य कुठल्या दिशेने आहे ते विचारून पाहावे.

अपात्रांना रोखायला सरकारने आजवर आधार, ई-केवायसी, ई-पीक पाहणी, भू-संदर्भ असलेले फोटो असे बरेच काही आणले. तरी एक रुपयात पीकविमा सुरू झाल्यावर गायरान, सरकारी आणि अकृषक जमिनींवरही विमा उतरवला गेला, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या लोकांनी इथल्या गटांवर अर्ज भरले, आणि शेवटी २०२५ मध्ये ती रुपयाची सवलतच बंद करून सरकार मोकळे झाले. चोर पकडण्याऐवजी दुकान बंद. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा अपहार उघड झाला, तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पात्र नसलेल्यांची नावे याद्यांत घुसवून पैसे काढले गेले होते. हे घोटाळे संगणकाने रोखले नाहीत, कारण संगणकाला गाव माहीत नसते. गट क्रमांक तीनशे बाराचा मालक त्या नावाचा माणूस नाही, हे त्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

त्यासाठी महाराष्ट्राकडे जुने हत्यार आहे: चावडी वाचन. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे चावडीवर वाचून चुका काढल्या गेल्या, त्याच वर्षी कर्जमाफीच्या अर्जांचेही असेच वाचन झाले. कुठे धड झाले, कुठे कागदोपत्री. पण जिथे झाले तिथे लोकांनी भर सभेत हरकती घेतल्या. मग अतिवृष्टीचे अनुदान, पीकविमा, ट्रॅक्टर, ठिबक आणि मोफत वीज यांचे वाचन का नको? योजनावार निरनिराळे कागद नकोत. एका खातेदाराला वर्षात सगळीकडून मिळून काय मिळाले, हे एका ओळीत हवे. गोपनीयतेचा आक्षेप लगेच येईल. आधार आणि बँक खात्याचे आकडे झाका, कुणाची हरकत नाही. पण सरकारी तिजोरीतून निघालेला पैसा कुणाकडे गेला ही गुप्त ठेवायची गोष्ट नाही, आणि पीएम किसानची नावे उघड करताना ही गोपनीयता कुणाला आठवली नव्हती. अडचण वेगळी आहे. एका ओळीतली बेरीज लागली की यादीचे वरचे टोक दिसेल, आणि त्या टोकाला बहुतेक गावांत सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच आणि बाजार समितीचे संचालक भेटतील. ते नियम मोडून तिथे आलेले नसतील. नियमच त्यांना तिथे नेतात.

अशी यादी लागली तरी एक माणूस तिच्यात कुठेच नसेल: जो दुसऱ्याचे शेत करतो तो.

मराठवाड्यात बटईने किंवा ठोक्याने, विदर्भात मक्त्याने, पश्चिम महाराष्ट्रात खंडाने किंवा अर्धेलीने जमीन करणारे गावोगाव आहेत, आणि त्यांची संख्या वाढते आहे. मालक शहरात गेला, मुले शिकली, जमीन विकायची नाही आणि करायचीही नाही. मग शेजारचा अल्पभूधारक, नाहीतर काल-परवापर्यंत सालगडी असलेला, ती वाट्याने घेतो. बियाणे त्याचे, घाम त्याचा, सावकाराचे कर्ज त्याचे. पीएम किसान मालकाला, नमो मालकाला. अतिवृष्टी झाली तर कोरडवाहूचे हेक्टरी ८,५०० किंवा बागायतीचे १७,००० हेही मालकाच्या खात्यावर. चांगला मालक त्यातले निम्मे देतो. तो चांगला निघावा एवढीच या योजनांतली बटईदाराची तरतूद आहे. पीकविम्यात भाड्याने जमीन करणाऱ्याला दार आहे, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि कुठला मालक नोंदणीकृत करार करून देईल?

मालकाची भीतीही हवेतली नाही. १९४८ च्या कुळकायद्याने पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले. मराठवाडा आणि विदर्भासाठी वेगळे कायदे झाले, पण दिशा तीच. न्याय्य कायदा होता. त्यानंतरच्या पिढ्यांनी त्यातून एक धडा मात्र पक्का घेतला: कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही. जुन्या छापील सातबाऱ्याच्या बारा नंबरात ‘रीत’ आणि ‘जमीन करणाराचे नाव’ असे रकाने होते. तिथे प्रत्यक्षात बहुतेक वेळा ‘खुद्द’ लिहिले जाई, करणारा कुणीही असो.  त्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो सरकारच्या लेखी शेतकरी नाही, मग तो पन्नास वर्षे औत हाकत असो. त्याच्या बायकोचे तर नावच नको. देशात वहितीची खाती स्त्रियांच्या नावावर सुमारे १४ टक्केच आहेत, आणि खुरपणी-वेचणीच्या वेळी रानात किती बाया असतात हे मोजायला गणना लागत नाही. जमीन विकत घेऊन मालक झाले तरी सुटका नाही: पीएम किसानच्या मूळ नियमातली गंमत अशी की १ फेब्रुवारी २०१९ नंतर कष्टाच्या पैशाने दोन एकर विकत घेतली तर हप्ता नाही, वारसाने मिळाली तर आहे.

शेजारी काय करतात तेही पाहावे. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू आणली, एकरी रक्कम, जमिनीला मर्यादा नाही, आणि कुळांना काही नाही. तिच्याकडे बघून आपल्या धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी तेलंगणात जायची भाषा केली होती. ती भाषा जमीनवाल्यांची होती. तिथल्या पुढच्या सरकारला जानेवारी २०२५ मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० ची वेगळी योजना काढावी लागली. ओडिशाने कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांना शेळ्या-कोंबड्यांसारख्या जोडधंद्याला १२,५०० रुपये दिले. आंध्रने २०१९ च्या कायद्याने शेत करणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड दिले, जमिनीवर कसलाही हक्क न देता, फक्त कर्ज, विमा आणि नुकसानभरपाईपुरते. कुळकायद्याची धास्ती घेतलेल्या महाराष्ट्राला नेमके हेच चालण्यासारखे आहे.

आंध्रचे कार्डही एका जागी अडले: त्यावर मालकाची सही लागत होती, आणि मालक सही देत नव्हते. आपण ती अट घेऊ नये. पेरणीनंतरच्या ग्रामसभेत कुठला गट यंदा कोण करतो हे ठरावाने नोंदवावे, मालकाला हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेत, आणि त्या नोंदीवर हंगामापुरता ओळख क्रमांक द्यावा. १५ ऑगस्टची ग्रामसभा तशीही होतेच, आणि तोवर खरिपाची पेरणी आटोपलेली असते.